आक्कांनी अर्धी ऐकलेली गोष्ट

आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलंमुली मधे एकदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, आपल्या अंकासाठी तुम्ही लिहायचं, आपला विश्वास दुसऱ्याला कसा सांगावा यावर. मी म्हटलं, अरे, मी काय लिहू? शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पुढचं वाचन माझं मीच केलं, किराणा बांधून आलेले कागद वाचत आणि उपासनेतल्या गाण्यांवर बोट फिरवत. "तुम्ही बोलता ना आजी, तसंच लिहा," म्हणाली. मग चहा झाला आणि त्यांची आपसात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे पत्रकं वाटू, कुणी म्हणे फोनवर रोज सकाळी एक वचन पाठवू, एकाचं म्हणणं चौकात स्पीकर लावू. मी बशीतला चहा पीत ऐकत बसले. त्यात वाईट काहीच नाही हो. पण माझ्या डोळ्यांसमोर सारख्या आमच्या आत्याबाई येत होत्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणायचे. तर मी त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे, त्यातून काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

माझं लग्न झालं तेव्हा पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना नवा नवा सुरू झाला होता, आणि आमच्या ह्यांना तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात काम लागलं होतं. नगरकडच्या खेड्यातून आम्ही दोघं एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टोव्ह घेऊन आलो. खोली मिळता मिळेना. सगळीकडून माणसं कामाला येत होती, साताऱ्याची, सोलापूरची, कोकणातली. पिंपरीच्या कॅम्पात तर सिंध्यांची घरं आधीच खचाखच भरलेली. शेवटी चिंचवडला, गावठाणाच्या कडेला स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर, एका बाईंनी पत्र्याच्या खोल्यांची ओळ बांधली होती, तिथे एक कोपऱ्यातली खोली मिळाली. ह्या बाईंना सगळे आक्का म्हणायचे. जुन्या गावातल्याच, एकट्या, उंच, हाडापेराने मजबूत. अंगणात त्यांचा स्वतःचा आड होता, आणि त्याच्या काठावर हात ठेवून त्या पाटलासारख्या उभ्या राहायच्या.

खोली दाखवतानाच त्यांनी विचारलं, "कोन म्हनायचं तुमी?"

ह्यांनी सरळ सांगितलं, "ख्रिस्ती."

आक्का म्हणाल्या, "किरिस्तांव? मंजी रोज वशाट शिजतंय का काय घरात?"

"रोज कुठलं हो आक्का," हे म्हणाले, "पगार झाला की एकदा, तेही पावशेर मटण."

त्या हसल्या आणि खोली मिळाली. पण अटी घातल्याच. आडाला हात लावायचा नाही, पाणी त्या स्वतः शेंदून आमच्या हंड्यात वरून ओततील. आणि दुसरी अट: "तुमचा देव तुमच्या घरात. माज्या अंगनात परचार न्हाई पायजे." आज वाचणाऱ्याला पाण्याची अट फार लागेल. आम्हाला तेव्हा लागली नाही असं नाही, पण आम्ही ज्या गावातून आलो तिथे आमच्यासाठी पाणी ओतायलाही कुणी थांबत नसे. आक्का थांबायच्या. हंडा भरून वाहायला लागेपर्यंत ओतायच्या.

चार-दोन महिन्यांत आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या. सगळा जन्म त्यांनी मिशनच्या कामात घातला होता. गावोगाव पायी जायचं, बायकांमध्ये बसायचं आणि प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. सोबत कापडावर रंगवलेल्या चित्रांची एक लांबच लांब गुंडाळी असायची. ती झाडाला टांगायची आणि एकेक चित्र उलगडत बोलत राहायचं. बोलणं तर असं की ऐकणारीची भाकरी तव्यावर करपायची. आता पाय थकले म्हणून काम सुटलं होतं, पण गुंडाळी सोबत आलीच. ह्यांनी त्यांना आक्कांची अट सांगितली. मला वाटलं आता म्हातारी रुसणार. त्यांनी गुंडाळी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "तिचं अंगण आहे. तिचा शब्द पाळायचा."

आणि पाळला, बरं का. सकाळी उठून दार लोटून घेऊन प्रार्थना करायच्या, त्यात अंगणातल्या एकेका घराचं नाव घ्यायच्या. सायकल दुरुस्त करणाऱ्या मुसलमानाचं घर होतं, त्याच्या मुलाच्या कानासाठी. सातारच्या बाईच्या नवऱ्याच्या दारूसाठी. आक्कांच्या गुडघ्यासाठी. पण दार उघडलं की त्यातलं एक अक्षर बाहेर नाही.

मग करायच्या काय? मागायच्या. होय, मागायच्या! शेजारच्या भाभीकडे, म्हणजे त्या सायकलवाल्याच्या बायकोकडे, जाऊन म्हणायच्या, "सलाम भाभी, चमचाभर विरजण द्या हो." भाभी पहिल्या दिवशी हसून लोटपोट. "अरे, ये तो हमारे जैसा सलाम करती है!" आमच्यात सलामच करतात, हे तिला कुठलं माहीत? तिथून त्यांची जी गट्टी जमली! सातारच्या बाईकडे सुई मागायच्या, आणि सुई मिळाली की तिथेच बसून शिवायच्या. आक्कांकडे जाऊन म्हणायच्या, "आक्का, इकडचा पावटा मला शिजवता येत नाही, शिकवा." मी एकदा चिडून म्हटलं, "आत्याबाई, आपल्याकडे सुई आहे की डब्यात!" तर मला म्हणाल्या, "असू दे ग. आपण नेहमी द्यायला गेलो तर माणूस आपल्याला वरचं समजतो नाहीतर ढोंगी समजतो. मागायला गेलं की तो मोकळा होतो." आणि मोकळी व्हायचीच माणसं. सुई द्यायला उठलेली बाई सुई देईपर्यंत नवऱ्याचं सगळं सांगून टाकायची. आत्याबाई ऐकायच्या. एवढी बोलकी बाई, पण ऐकायला बसली की मधे हुंकारसुद्धा मोजून. ऐकलेलं कुठे बोलायच्या नाहीत. मलाही नाही.

आक्का आणि त्या दुपारच्या ओट्यावर बसून जोंधळे निवडायच्या. मी आतून बघायची, दोघींची डोकी सुपावर वाकलेली. एका दुपारी आक्का बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. आत्याबाई घरात आल्या तेव्हा मी विचारलं, "काय हो, काय झालं आक्कांना?" तर म्हणाल्या, "जोंधळ्यात खडे फार निघाले आज."

त्या दुपारी आक्का काय बोलल्या ते मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं, कसं ते ओघात येईलच. पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आक्कांचं पहिलं लग्न लहानपणी झालेलं. वर्षाच्या आत नवरा गेला. मग आईबापांनी त्यांचा पाट लावून दिला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्यात पाट लावायची चाल होती, पण तो लागायचा अंधार पडल्यावर, गावाबाहेर, ना वाजंत्री ना वरात, आणि सकाळ होईपर्यंत त्या नवरीचं तोंड कुणी बघायचं नाही. पाटाच्या बाईला कुणाची ओटी भरायला बोलवायचे नाहीत. आक्कांचा दुसरा नवरा भला माणूस होता, त्यानंच ही जागा घेतली. तोही गेला. तेव्हापासून जुन्या गावातल्या बायका मागून म्हणायच्या, हिनं दोन नवरे खाल्ले. म्हणून तर आक्का गाव सोडून इथे कडेला येऊन राहिल्या होत्या, परक्या भाडेकऱ्यांत, जिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी हे फक्त एका बाईला सांगितलं, आमच्या आत्याबाईंना.

आता पुढचं ऐका. आमचे हे कारखान्यात परमनंट झाले. आमच्यात अशा वेळी घरी उपकारस्तुती ठेवतात, देवाचे आभार मानायचे, दोन गाणी, एक बोध, चहा आणि चिवडा. ह्यांनी आक्कांना आधी विचारलं. "भजन हाय न्हवं? भजनाला कोन न्हाई म्हनतंय?" असं म्हणून त्यांनी स्वतःची सतरंजी काढून दिली. रविवारी आम्ही खडकीला उपासनेला जायचो, तिथल्या एका तरुण मास्तरांना ह्यांनी बोलावलं. आमच्यात उपदेश करणाऱ्याला मास्तरच म्हणतात. फार गोड मुलगा. स्टेशनपासून पेटी खांद्यावर घेऊन चालत आला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. आल्या आल्या भाभीच्या मुलाला पेटीवर बोटं ठेवू दिली.

खोलीत माणसं मावेनात. अंगणातल्या सगळ्या बायका दाराशी दाटल्या. तेव्हा आक्काच म्हणाल्या, "आवो मास्तर, भायेर या की, हितं वारा हाय." झालं. सतरंजी अंगणात पडली, आक्का आडाच्या काठाशी ऐसपैस बसल्या. गाणी रंगली. आक्का मान डोलवत होत्या, मधेच "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मास्तरांना चेव आला. समोर आड दिसला, आडाशी बाई बसलेली, आणि त्यांनी विहिरीची गोष्ट घेतली. वाटेनं दमून आलेला प्रभू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि परजातीच्या एका बाईकडे पाणी मागतो, ती गोष्ट. मला तर वाटलं, वा, काय शोभतेय! मास्तर रंगून सांगत होते, हातानं पोहरा ओढून दाखवत होते. आणि मग प्रभू त्या बाईला काय म्हणाला ते सांगताना मास्तर आडाकडे हात करून मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुला पाच नवरे होते!"

सातारची फिस्सकन हसली. "अगं बाई, पाच!" दुसऱ्या दोघीतिघी हसल्या.

आक्का उठल्या. गुडघा धरून उठायच्या एरवी, त्या दिवशी ताडकन उठल्या. आत्याबाईंकडे एकदा बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. मग घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मास्तरांना काहीच कळलं नाही, त्यांनी गोष्ट पुरी केली, शेवटचं गाणं झालं, चिवडा झाला. आत्याबाई मात्र जागच्या जागी बसून राहिल्या, हातातला चहा गार झाला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन आडाशी गेले. आक्का काठावर होत्या. पोहरा वर आला, त्यांनी तो स्वतःच्या घागरीत ओतला आणि घागर उचलली. मी म्हटलं, "आक्का, आमचं पाणी..."

"नदीला हाय की पानी. आन् तुज्या मालकाला सांग, म्हैना सरला की खोली मोकळी करायची."

मला काही सुधरेना. मला सहावा महिना होता. खोली कुठे मिळणार? ह्यांनी पिंपरीपासून थेट तळेगावापर्यंत शिफ्ट संपल्यावर पायपीट केली. एके ठिकाणी ख्रिस्ती म्हटल्यावर दार लावलं, एके ठिकाणी भाडं ऐकूनच हे परत आले. मला माहेरी धाडायचं आणि ह्यांनी कुणाच्या तरी ओट्यावर पथारी टाकायची, इथवर बोलणं आलं. पहिल्या बाळंतपणाला घर नाही, पाणी नाही. मी रोज रडायची आणि रोज आत्याबाईंच्या मागे लागायची.

"आक्का कशानं रागावल्या? तुम्हाला माहीत आहे. सांगा ना मला."

"अट मोडली आपण. अंगणात प्रचार झाला."

"त्यांनीच तर बाहेर बोलावलं! नाही, दुसरं काहीतरी आहे. तुम्ही जाऊन बोला तरी त्यांच्याशी."

"काय बोलू?" एवढंच म्हणायच्या. हे एकदा रागानं बोलले, आई, तुझ्या सुनेकडे बघ तरी. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. आता मला समजतं, त्यांची केवढी कोंडी झाली होती. 'मी मास्तरांना काही सांगितलं नाही' असं आक्कांना म्हणायला जावं, तर अंगणात चार कान टवकारलेले. आम्हाला कारण सांगावं, तर आक्कांचा शब्द मोडला. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरचं छप्पर जात होतं, तरी ती बाई एका शेजारणीची गोष्ट पोटात धरून बसली. ह्याला मी विश्वास म्हणते.

मास्तरांच्या कानावर गेलं तसे बिचारे धावत आले. "मी आक्कांची माफी मागतो, आत्ता जातो." आत्याबाईंनी त्यांना हात धरून खाली बसवलं. "आत्ता नको. आत्ता गेलात तर जखमेवरचं फडकं ओढल्यासारखं होईल."

"मी चुकीची गोष्ट घेतली का?"

"गोष्ट सोन्यासारखी आहे. मीही तीच सांगत आले गावोगाव. पण मास्तर, गोष्ट काढायच्या आधी समोर कोण बसलंय ते थोडं जाणून घ्यावं. प्रभू आधी बसला, पाणी मागितलं, मग बोलला. आणि तो तिच्याशी एकटीशी बोलला हो, चारचौघांत नाही." मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मोठ्या मनाचा माणूस. पुढे तो पुष्कळ गावांत गेला, आणि मी ऐकलं की कुठेही गेला तरी आधी दोन-तीन दिवस नुसता बसायचा, शेतात, दुकानात, माणसांशी गप्पा मारत. गोष्ट नंतर.

तर मी पवना नदीवरून पाणी आणायला लागले. डोक्यावर हंडा, पोट पुढे, उताराची वाट. भाभी दिसली की हंडा हिसकावून घ्यायची. "पागल लडकी, बच्चा गिराएगी क्या?" एका सकाळी मी एकटीच होते. हंडा भरून उचलायला वाकले तर उचलेना. वर बघते तर आक्का, धुण्याचं बोचकं काखेत घेऊन उभ्या. मी नजर वळवली. त्यांनी बोचकं खाली ठेवलं.

"तुज्या सासूनं तुला काय सांगितलं माज्याबद्दल?"

"काही नाही."

"खोटं बोलू नगंस."

मग मात्र माझं रडू फुटलं. "शपथ घेते आक्का! तुम्ही कशानं रागावलात तेच मला कळत नाही. हेही विचारून विचारून थकले. आत्याबाई तोंडातून शब्द काढत नाहीत. आमचं काय चुकलं ते तरी सांगा, मग हाकला."

आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काही लपवत असते तर त्यांना तिथेच कळलं असतं, अशी त्यांची नजर. "तुला बी न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या. "पोराला बी न्हाई?" मग हंड्याला हात लावून माझ्या डोक्यावर चढवला. आमच्या हंड्याला हात लावला, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

त्याच दुपारी आक्का आमच्या दाराशी आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. उंबऱ्यावर बसल्या, पाय बाहेर. आत्याबाई आत गोधडीला टाका घालत होत्या. मी चुलीशी.

"सुनंला बी सांगितलं न्हाईस तू," आक्का म्हणाल्या.

"तुमची गोष्ट आहे आक्का. माझी थोडीच आहे."

"आन् खोली गेली असती मंजी?"

"गेली असती."

"येडी हायेस का गं तू?"

"थोडीशी," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

मग आक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्या बाईचं फुडं काय झालं?"

"कुठल्या?"

"आगं त्या हिरीवरच्या. मी उटून गेले न्हवं. पाच नवऱ्यांवरनं तिला हाकलली का त्यानं?"

आत्याबाईंनी सुई थांबवली. "आक्का, तुमची अट आहे. प्रचार करायचा नाही."

"अंगनात न्हाई म्हनले. मी काय अंगनात बसलेय व्हय? उंबऱ्यात बसलेय. आन् मी इचारतेय, तू कुटं सांगतेयस?"

तेव्हा आत्याबाईंनी गोष्ट सांगितली. गुंडाळी काढली नाही, आवाज चढवला नाही. टाका घालत घालत सांगितली, शेजारणीच्या घरची हकीकत सांगावी तशी. ती बाई भर उन्हात पाण्याला का येते? कारण सकाळी सगळ्या बायका असतात आणि तिला बघून कुजबुजतात. आक्का म्हणाल्या, "व्हय." प्रभूला तिचं सगळं ठाऊक असतं. तरी तो उठून जात नाही. "नावं न्हाई ठिवली?" "नाही ठेवली." "मागचं कायच काढलं न्हाई?" "काढलं, पण तिला खाली बघायला लागेल असं नाही काढलं. मला तुझं सगळं माहीत आहे आणि तरी मी तुझ्याकडेच पाणी मागतोय, असं." मग ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळत गेली आणि ज्या लोकांना तोंड चुकवायची त्यांनाच बोलावून घेऊन आली.

आक्का म्हणाल्या, "आन् पानी?"

"कसलं पाणी?"

"आगं त्यानं मागितलं न्हवं का पानी? दिलं का तिनं? तिच्या हातचं प्याला का तो?"

आत्याबाईंची सुई हवेतच राहिली. इतकी वर्षं गावोगाव ती गोष्ट सांगितली, पण असं कुणी विचारलं नव्हतं, त्या मला रात्री जेवताना म्हणाल्या. "ते शास्त्रात लिहिलेलं नाही आक्का."

"आसं कसं? तहान लागली व्हती म्हनतीस, आन् प्यालाच न्हाई?"

"लिहिलं नाही खरं."

"दिलं आसंल तिनं," आक्का ठासून म्हणाल्या आणि उठल्या. "लिवनाऱ्याच्या ध्यानात न्हाई आलं. चल."

"कुठे?"

"चल तर."

आत्याबाईंना हाताला धरून त्यांनी आडाशी नेलं. भाभी, सातारची, सगळ्या दारात येऊन बघायला लागल्या. आक्कांनी दोर आत्याबाईंच्या हातात दिला. "तुजं तू शेंद. माजा गुडघा दुकतोय." आत्याबाईंनी दोर धरला. पोहरा खाली गेला, पाण्यावर आपटला, वर आला. आक्कांनी ओंजळ पुढे केली. "ओत."

आक्कांनी खोलीचं पुन्हा कधी काढलं नाही. ह्यांनी महिना सरल्यावर भीत भीत विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "कसली खोली? बाळंतपन का पवनंत करनार हायेस बायकूचं?" बाळंतपण त्याच खोलीत झालं, आणि पाणी तापवायला आक्काच बसल्या होत्या.

ही मुलं मला विचारतील, मग आजी, आक्कांनी बाप्तिस्मा घेतला का? नाही घेतला. गावच्या देवाला जायच्या तशाच जात राहिल्या. पण अधूनमधून दुपारी उंबऱ्यात येऊन बसायच्या, "अजून येक सांग," म्हणायच्या. आत्याबाई सांगायच्या. काही विचारलं तर उत्तर द्यायच्या, उत्तर नसलं तर नाही म्हणायच्या. मला कधी कधी वाटायचं, म्हातारीला वाईट वाटत असेल, एवढं होऊन हाती काय लागलं? एकदा विचारलंसुद्धा. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाती लागायला ती काय मासळी आहे?"

लेकरू मांडीवर बसायला लागलं तेव्हाची गोष्ट. पवनेवर धुणं होतं, अंगणातल्या सगळ्या बायका होत्या. कोपऱ्यातल्या दुसऱ्या खोलीत मराठवाड्यातून आलेली एक नवी मुलगी राहायला आली होती, तीही एका बाजूला खाली मान घालून धुणं आपटत होती. सातारची तिच्याकडे बघून तिच्या नवऱ्यावरून काहीतरी कुजबुजली, कुणीतरी हसलं. आक्कांनी हातातलं लुगडं दगडावर टाकलं आणि त्या मुलीकडे वळून मोठ्यानं गोष्टच सुरू केली. विहिरीची. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या गोष्टीत प्रभूच्या पायात वहाण नव्हती, उन्हानं तोंड काळवंडलेलं. बाई आधी त्याच्यावर खेकसते, कोन रं तू, तुजं तू शेंद की. आणि मग पाणी देते, तांब्याभर, आणि तो घटाघटा पितो.

मी लेकराला सावरत आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, "प्याला असं कुठे आहे शास्त्रात? सांगू का त्यांना?"

"गप ग," त्या म्हणाल्या, "सांगू दे तिला."

"पाच झालं व्हतं तिचं," आक्का सांगत होत्या, "तरी न्हाई नावं ठिवली त्यानं. आन् माजं तर दोनच झालं. येक लगीन, येक पाट. दोगंबी देवाघरी गेलं. ठावं हाय का तुमाला? न्हवतं ना? आता झालं."

सातारचीनं मान खाली घातली. त्या नव्या मुलीनं पहिल्यांदा डोकं वर केलं, आक्कांकडे बघत राहिली. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, इतका की बांगडी रुतली.

आक्कांनी लुगडं पुन्हा उचललं.

"बगताय काय समद्या?" त्या म्हणाल्या. "ऊन चढलं. धुनं आटपा."